जॉर्ज ब्रिजटॉवरवर मराठीत कविता लिहितेय, अकरा झाल्या आणि अडकलेय

फुलेवाडीची_व्हायोलिन

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिणारे, सवडीनं वाचा.

गेल्या पावसाळ्यापासून मी एकाच माणसावर कविता लिहितेय. जॉर्ज ब्रिजटॉवर. व्हायोलिन वाजवायचा. जन्म १७७८, पोलंडमधल्या बियाला पोदलास्का गावात, बाप आफ्रिकी वंशाचा, राजेरजवाड्यांच्या पदरी चाकरी करणारा, आई गोरी, नाव मारिया. बाप पुढं एस्तरहाझी सरदारांकडं होता, म्हणजे जिथं हायडन दरबारी संगीतकार होता तिथंच, आणि पोरगं त्या वातावरणात वाढलं. १७८९ च्या एप्रिलमध्ये, फ्रेंच राज्यक्रांती पेटायच्या तीन महिने आधी, दहा वर्षांचं हे पोर पॅरिसमध्ये भर सभेत वाजवत होतं. त्याच वर्षी बाप त्याला इंग्लंडला घेऊन गेला. विंडसरला राजासमोर, मग बाथ शहरात, पुढच्या फेब्रुवारीत लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात. बाप तुर्की झगा घालून मिरवायचा, आपण आफ्रिकेचे राजपुत्र असं सांगायचा, पोराची कमाई उडवायचा. शेवटी प्रिन्स ऑफ वेल्सनं पोराला आपल्याकडं ठेवून घेतलं आणि बापाला देशाबाहेर घालवलं.

मग १८०३. व्हिएन्ना. ब्रिजटॉवर पंचविशीच्या आतबाहेर, बेथोव्हेन बत्तीस वर्षांचा. दोघांचं जमलं. बेथोव्हेननं त्याच्यासाठी सोनाटा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानोनं मिळून वाजवायची रचना, लिहायला घेतला आणि २४ मे ला सकाळी आठ वाजता आउगार्टन बागेत दोघांनी तो वाजवला. इतक्या घाईत की पहाटे साडेचारला बेथोव्हेननं आपल्या शिष्याला, रीसला, उठवून पहिल्या भागाची व्हायोलिनची प्रत उतरवायला बसवलं, आणि दुसऱ्या भागाची तर प्रत झालीच नाही, ब्रिजटॉवरनं ती बेथोव्हेनच्या खांद्यावरून त्याच्याच हस्तलिखितात बघून वाजवली. नंतर दोघांचं बिनसलं आणि १८०५ मध्ये सोनाटा छापून आला तेव्हा वर नाव रोडोल्फ क्रॉइत्झर या फ्रेंच व्हायोलिनवाल्याचं. आजही जगभर तो क्रॉइत्झर सोनाटा म्हणूनच वाजतो, आणि गंमत नाही वाईट वाटतं ते हे, की त्या क्रॉइत्झरनं तो सभेत कधी वाजवलाच नाही असं सांगतात.

हे मला माझ्या क्लासच्या सरांकडून कळलं आणि डोक्यातून जाईना. अमेरिकेच्या रीटा डव्ह या कृष्णवर्णीय कवयित्रीनं २००९ मध्ये याच माणसावर अख्खा संग्रह काढलाय, सोनाटा मुलाटिका नावाचा, हे मला माहीत आहे, आणि मुद्दाम तो बाजूला ठेवलाय कारण एकदा तो वाचत बसले की माझ्या हातून मराठीत काही उतरणार नाही. माझं झालं की वाचीन.

आता अडचण. सुरुवातीला मी ओवीत लिहिलं, ब्रिजटॉवरच्या तोंडी ओव्या घातल्या, आणि आठ दिवसांनी वाचलं तर असं वाटलं की याला मी नऊवारी नेसवून उभं केलंय. मग मुक्तछंदात लिहिलं तर विश्वकोशातल्या नोंदीच्या ओळी तोडल्यासारखं झालं, तारीख, गाव, तारीख, गाव. आणि "मी" म्हणायचं का? मी कोल्हापुरात राहणारी बाई, दोनशे वर्षांपूर्वीच्या कृष्णवर्णीय माणसाच्या तोंडानं "मी" म्हणायचा मला काय हक्क आहे हे रोज मनात येतं. आणखी एक म्हणजे शब्द. बेथोव्हेननं हस्तलिखितावर त्याच्यासाठी जे लिहिलं त्यात "मुलाट्टो" हा शब्द परत परत येतो, म्हणजे एक गोरा आणि एक काळा अशा आईबापांचं मूल, "मुलाट्टो ब्रिशदाउअरसाठी (म्हणजे ब्रिजटॉवरच), मोठा वेडा आणि मुलाट्टो संगीतकार" अशा धर्तीचं. मराठीत याला काय म्हणू? शब्दकोशात "संकरित" दिलंय. संकरित म्हटलं की मला जर्सी गाय आणि हायब्रीड ज्वारी दिसते. तो शब्द मी नाही वापरणार.

जी एक त्यातल्या त्यात बरी वाटते ती देते.

शाई ओली आहे अजून.
त्याच्या खांद्यावरून वाकून
तू वाचतोयस पुढची ओळ
जी जगात अजून कुणीच ऐकलेली नाही.

पुढं सरकत नाहीये. कुणाला काही सुचत असेल तर सांगा, कडक बोललात तरी चालेल.

गंगावेस_७

ताई विषय चांगला आहे, कविता पण आवडली, पण मनात आलं ते विचारतो, राग मानू नका. आपल्याकडं लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवणारी, नाटक कंपनीत ऑर्गनवर बसलेली, स्टुडिओत वाजवणारी किती माणसं होऊन गेली, त्यांची नावं सुद्धा कुणाला माहीत नाहीत. त्यांच्यावर कोण लिहिणार? पोलंडच्या माणसावर लिहायला तिकडं लोक आहेत की. आपल्या माणसांवर कोणच नाही.

फुलेवाडीची_व्हायोलिन

राग कसला दादा, बरोबर आहे तुमचं. पण मी यातूनच तिकडं गेले. माझे आजोबा स्टुडिओच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे, पन्नासच्या दशकात. महिन्याला ठराविक पैसे नव्हते, बोलावलं की जायचं, रात्रभर रेकॉर्डिंग करून पहाटे चालत घरी यायचं. पडद्यावर नाव यायचं संगीतकाराचं, गायकाचं, कधी गीतकाराचं. आजोबांचं नाव कुठंच नाही, एका रेकॉर्डवर नाही. आमच्या घरात त्याबद्दल तक्रार पण कुणी केली नाही. फक्त आजी, चुलीपाशी भाकरी थापत असायची आणि रेडिओवर ते गाणं लागलं की हात थांबवायची आणि दोन कडव्यांच्या मधला तो व्हायोलिनचा तुकडा आला की म्हणायची, "हा तुकडा त्यांचा." बास. एवढंच. मग परत थापायला सुरुवात. मी ते ऐकत मोठी झाले. आता त्यांचीच व्हायोलिन माझ्याकडं आहे, पेटीत राळेचा अर्धा खडा अजून तसाच आहे.

आजोबांवर लिहायला बसले की रडू येतं, लिहून होत नाही. ब्रिजटॉवरवर होतं.

शाहीर_करवीर

पोरी, आधी एक सांगतो, ओवी चुकीची नाही, तू ओवी चुकीच्या माणसाच्या तोंडात दिलीस. ओवी जात्यावरची, बाईची. ती दरबारात वाजवणाऱ्या गड्याच्या तोंडात बसायची नाही. पण त्याची आई? तू वर एका शब्दात लिहिलंस, नाव मारिया, आणि पुढं गेलीस. ती कुठं गेली? पोर नऊ-दहा वर्साचं बाप घेऊन गेला देशोदेशी, आईचं काय झालं? तिला बोलू दे की ओवीत.

मी आपलं जुळवून बघितलं, सुधारून घे,

पहिली माझी ओवी, लेक चालला दूर
हातात वीतभर लाकूड, त्यात गावभर सूर
दुसरी माझी ओवी, राजवाड्यात वाजवी
बापाचं नाव छापती, आईला कोण आठवी

आता दुसरं. तुला कुणी सांगेल पोवाडा कर म्हणून. पोवाडा करू नको. पोवाड्याला पराक्रम लागतो, गड लागतो, शेवटी जय लागतो. या माणसाच्या आयुष्यात जय सकाळी आठला झाला आणि पुढं संपला, तिथं डफ किती कडाडणार. मी चाळीस वर्सं पोवाडे म्हणतोय म्हणून सांगतो, खोटा जोश ऐकणाऱ्याला पहिल्या चौकातच कळतो. पण पोवाड्यातली एक गोष्ट तू घेऊन जा. झीलकरी. मागं उभं राहून जी जी रं जी म्हणतात ते. शाहीर गोष्ट सांगतो आणि झीलकरी म्हणजे जमाव, गाव, चावडी. ते मधेच विचारतात, शाहिराला अडवतात. तुझ्या कवितेत तारखा आणि गावं नुसती येतात म्हणतेस ना, त्याचं कारण तिथं ऐकणारं कुणी नाही. त्या बाथच्या सभेत जी माणसं बसली होती ती काय बघायला आली होती? व्हायोलिन ऐकायला का रंग बघायला? ते झीलकऱ्यांना विचारू दे.

शाहीर : पोरानं गज टेकला तारेवर...
झीलकरी : पण रंग कसा हो, रंग कसा?
शाहीर : सभा झाली चिडीचूप...
झीलकरी : पण झगा कसा हो, झगा कसा?
शाहीर : सूर गेला छताला...
झीलकरी : पण बाप कुठला हो, बाप कुठला?

असं. सूर काय वाजला हे झीलकरी शेवटपर्यंत विचारतच नाहीत. तू ते उघड सांगायचं नाही, नुसतं त्यांना सुराचं विचारू द्यायचं नाही. वाचणाऱ्याला आपोआप टोचतंय.

चौथी_तार

शाहीर काका नाद खुळा. झीलकऱ्यांची आयडिया वाचून अंगावर काटा आला.

ताई, मी मूळचा मंगळवार पेठेतला, आता पुण्यात वेस्टर्न शिकतोय, हा सोनाटा दोन वर्षं रगडलाय म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. तुमच्या कवितांत भांडण आहे, तारीख आहे, पण वाजवणं कमी आहे असं वाटलं. हा सोनाटा सुरू होतो तेच व्हायोलिनच्या एकटीच्या आवाजात. पियानो गप्प. चार बार (बार म्हणजे स्वरलिपीतला एक कप्पा) एकटीनं, संथ, एका वेळी दोन-तीन तारांवर सूर धरून. व्हायोलिन-पियानोच्या सोनाट्यात त्या काळी असं क्वचितच कुणी करत असेल, पियानोवाला मालक आणि व्हायोलिन त्याच्या मागं अशीच रीत होती. म्हणजे ज्या माणसासाठी लिहिलं त्याचा हात किती भरवशाचा असेल बघा, सकाळी आठला, गरम न झालेल्या बोटांनी, भर सभेत, पहिलाच सूर एकट्यानं. मग पियानो येतो तो उदास स्वरात, आणि अठरा बारांनंतर प्रेस्टो सुटतो, पिसाट वेगात. स्वतः बेथोव्हेननं यावर लिहिलंय की हा जवळजवळ कन्चर्टोसारखा, म्हणजे दोघं झुंजल्यासारखे, लिहिलाय. आपल्या भाषेत जुगलबंदीच.

आता ऐका मेन गोष्ट. प्रेस्टोच्या अठराव्या बारात पियानोला एक तुकडा आहे, वरखाली धावणारा, बाकी सगळं थांबलेलं असतं आणि पियानो एकटा पळतो. हा पहिला हिस्सा परत वाजवतात. परत वाजवताना ब्रिजटॉवरनं तोच तुकडा व्हायोलिनवर वाजवून दाखवला. त्याच्या कागदावर तो नव्हता. मनानं, तिथल्या तिथं. हे त्यानं स्वतःच नंतर लिहून ठेवलंय आपल्या प्रतीवर. आणि बेथोव्हेन वाजवता वाजवता पियानोवरून उडी मारून उठला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "परत एकदा, माझ्या लाडक्या पोरा!"

परत एकदा म्हणजे काय हो? वन्स मोअर! आपल्या संगीत नाटकातला वन्स मोअर. केशवराव भोसल्यांच्या गावात हा शब्द कुणाला समजावून सांगायला लागत नाही. मी असतो तर त्या कवितेत जर्मन पण नाही आणि "परत एकदा" पण नाही, सरळ वन्स मोअर लिहिलं असतं.

आणि छापील प्रत उघडून बघा. तो तुकडा आजही फक्त पियानोलाच आहे. ब्रिजटॉवरनं वाजवलेला त्यात नाही. मी दोन वर्षं वाजवलं, माझ्या सरांनी वाजवलं, दर वेळी त्या जागी व्हायोलिनवाला गप्प उभा राहतो आणि पियानो ऐकतो.

ताई तुम्ही गंगावेस दादांना जे उत्तर दिलं त्यात तुमच्या आजीचं वाक्य आहे. "हा तुकडा त्यांचा." तुम्हाला दिसलं नाही का? तुमची बारावी कविता तिथंच पडलीय.

जुना_कागद

चौथी तार यांनी छान सांगितलं. मी इतिहास शिकवायचे, आता रिटायर, म्हणून थोडं कागदाचं बोलते, कवितेतलं मला फार कळत नाही.

एक म्हणजे भांडण. बेथोव्हेननं रागानं पान टराटरा फाडलं वगैरे जे व्हिडिओत दाखवतात ते तुझ्या कवितेत घेऊ नकोस. एका मुलीवरून दोघांत बिनसलं, ही हकीकत स्वतः ब्रिजटॉवरनं म्हातारपणी एका ओळखीच्या व्हायोलिनवाल्याला सांगितली, ती छापून आली १८५८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पंचावन्न वर्षांनी. त्यामुळं ती एका म्हाताऱ्या माणसाची आठवण आहे आणि आठवण म्हणूनच वापर, त्यातच खरी कविता आहे. ऐंशीच्या घरातला माणूस पंचावन्न वर्षांपूर्वीचं भांडण सांगतोय, आणि ज्याच्याशी भांडला तो मरून एकतीस वर्षं झालीत. तो कसा सांगत असेल? आवाज चढवून का हळू?

मैफलीच्या सहा दिवस आधीचं, १८ मे चं बेथोव्हेनचं एक पत्र आहे, एका सरदाराला लिहिलेलं, त्यात याची शिफारस केलीय, आपल्या वाद्यावर पूर्ण हुकूमत असलेला वादक म्हणून. ते पण घे. रंगाचा उल्लेख नसलेलं, निव्वळ वाजवण्याबद्दलचं वाक्य ते.

दुसरं जास्त महत्त्वाचं. बाई गं, तुझ्या प्रश्नात हा माणूस १८०५ ला संपतो! तो वारला कधी? १८६०. व्हिएन्नानंतर सत्तावन्न वर्षं जगला. त्या सत्तावन्न वर्षांवर तुझी एक कविता नाही. इंग्लंडला परत गेला, १८०७ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ म्युझिशियन्समध्ये त्याला घेतलं, १८११ मध्ये केंब्रिजनं बॅचलर ऑफ म्युझिक दिली. (हेच केंब्रिज ज्यानं १९०२ मध्ये आपल्या शाहू महाराजांना एलएलडी दिली, मला हे वाचताना सारखं आठवत होतं.) १८१३ मध्ये लंडनची फिलहार्मॉनिक सोसायटी सुरू झाली त्यात वाजवलं, १८१६ मध्ये लग्न केलं. पुस्तकं लिहिली, पियानोच्या सरावाची. लंडनच्या पेकहॅम भागात वारला, केन्सल ग्रीनच्या स्मशानात पुरलाय. मृत्यूच्या नोंदीत व्यवसायाच्या जागी "जंटलमन" लिहिलंय. व्हायोलिनचा शब्दच नाही.

आणि तारीख बघ. २९ फेब्रुवारी. चार वर्षांतून एकदा येणारी पुण्यतिथी.

ज्यांना बेथोव्हेननं पुसलं ते बिचारे, एवढ्यावर थांबलीस तर तू पण त्याला त्या एका सकाळीपुरताच ठेवलास. क्रॉइत्झरच्या नावाखाली होता, आता बेथोव्हेनच्या नावाखाली. कडक बोल म्हणालीस म्हणून बोलले हो.

निळी_वही

वरच्या सगळ्यांशी सहमत. मी "मी" आणि "मुलाट्टो" या दोनच गोष्टींवर लिहितो कारण त्यावर कुणी बोललं नाही.

हक्क आहे का असं विचारलंस. फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून. पुढं १९७२ ला आपल्या पोरांनी दलित पँथर काढली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. मराठीचं आणि त्या माणसांचं नातं दीडशे वर्षांचं आहे, त्यामुळं विषय परका वगैरे मनातून काढून टाक. पण नातं असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अंगात शिरून बोलणं वेगळं. आमच्या घरातल्या गोष्टी बाहेरच्यांनी "मी" म्हणून लिहिलेल्या मी वाचल्यात, लिहिणारा भला असतो, तरी कुठंतरी एक शब्द असा येतो की कळतं, याला चटका बसलेला नाही. तुझ्या त्या चार ओळींत तू "तू" म्हटलंयस आणि तीच तुला बरी वाटते म्हणालीस. "तू वाचतोयस पुढची ओळ." मग उत्तर तुझ्याच हातात आहे की. मराठीत तू हा जवळचा शब्द आहे, विठ्ठलाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो. तू म्हण त्याला. शाहीर काकांनी सांगितलेली आई तेवढी "मी" म्हणू दे.

आता शब्द. संकरित नकोच, बरोबर केलंस. मुलाट्टो हा शब्द खेचरावरून आलाय असं बरेच जण मानतात, म्हणजे त्याच्या मुळातच जनावर आहे, त्यामुळं तो बेथोव्हेनच्या तोंडी जसाच्या तसा मुलाट्टो म्हणून ठेव, भाषांतर करू नको. लाडानं म्हटला असेल, मिठी मारणारा माणूस होता, तरी शब्द तोच आहे, आणि लाडानं म्हटलेला असा शब्द अंगाला कसा लागतो हे आमच्यातल्या कुणालाही विचार. बापासाठी मात्र मराठीत एक शब्द तयार आहे. हबशी. हबश म्हणजे अॅबिसिनिया, इथिओपिया. तिकडच्या लोकांना बाप "आफ्रिकेचा राजपुत्र" म्हणजे ढोंग वाटत असेल, पण मराठी वाचणाऱ्याला "हबशी राजपुत्र" म्हटलं की आधी मलिक अंबर आठवतो, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कारभार हातात घेतलेला, आणि जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. आपल्याकडं हे घडलेलं आहे. त्यामुळं त्या बापाच्या झग्याकडं मराठी माणूस हसून बघणार नाही, निदान एक क्षण तरी थांबेल. तो एक क्षण फक्त मराठीत मिळतो. तो वाया घालवू नकोस. पण जॉर्जला हबशी म्हणू नको, तो शब्द आपल्याकडं शिवी म्हणून पण वापरलाय लोकांनी.

बापाला नुसता वाईट करू नको असं पण वाटतं. पोराची कमाई उडवली हे खरंच. पण नोकर म्हणून आयुष्य काढलेल्या काळ्या माणसाला त्या युरोपात दारातून आत यायला झगा घालायला लागला, तर त्यानं झगा घातला.

फुलेवाडीची_व्हायोलिन

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण लिहीत होते. तुम्हा सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात.

मारिया सापडली. १८०२ मध्ये ब्रिजटॉवरनं प्रिन्सकडून रजा घेतली ती आईला भेटायलाच, ती ड्रेस्डेनला होती, भाऊ पण तिथंच, तो चेलो वाजवायचा. तिथं त्यानं जुलैमध्ये आणि पुढच्या मार्चमध्ये कार्यक्रम केले आणि तिथूनच व्हिएन्नाला गेला. म्हणजे आईकडं गेला नसता तर बेथोव्हेन भेटलाच नसता! हे माझ्या नजरेसमोर होतं आणि मी ड्रेस्डेन हे नुसतं एक गाव म्हणून लिहून मोकळी झाले होते. काका, तुमच्या दोन ओव्या तुमच्याच राहू देत, पुढची मी जोडली,

तिसरी माझी ओवी, लई वर्सांनी आला
उंबऱ्यात उभा, मला पाव्हणाच वाटला
चौथी माझी ओवी, बोटं बघितली त्याची
माझीच होती नखं, बाकी सारी राजाची

बाई, तुमचं सत्तावन्न वर्षांचं वाचून मला झोप नाही लागली. पाच कविता फाडल्या, सगळ्या भांडणावरच्या. नादकाट्यावरची (सूर जुळवायचा ट्यूनिंग फोर्क) ठेवलीय. बेथोव्हेननं त्याला दिलेला नादकाटा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि मी असं लिहिलंय की भांडणानंतर सुद्धा त्यानं तो फेकला नाही, कारण फेकला असता तर आज तिथं नसता. पेकहॅमवर दोन झाल्यात. एकीत नुसता २९ तारखेचा रकाना आहे, तीन वर्षं रिकामा.

निळी वही दादा, सगळीकडं "तू" केलं. कविता आपोआप आखडल्या, बडबड गेली.

आणि ही बारावी. चौथी तार, ही तुझी.

अठरावा बार.
पियानो धावला आणि थांबला.
तुझ्या कागदावर इथं काहीच नाही,
नुसती ओळ, आणि ओळीवर शांतता.
तू तिच्यातून धावलास.

वन्स मोअर!

मग छापखाना आला, नाव आलं दुसऱ्याचं,
त्या जागी आता दोनशे वर्षं
व्हायोलिन खाली करून सगळे उभे असतात.

फुलेवाडीत रेडिओ लागलाय.
आजी भाकरी तव्यावर तशीच सोडून
हात पुसते पदराला.

हा तुकडा त्यांचा.

गंगावेस दादा, हे लिहून झाल्यावर आजोबांवरच्या पहिल्या चार ओळी पण लिहून झाल्या. त्या इथं नाही टाकत अजून.

काका एक विचारायचं होतं. माघ संपायच्या आत आमच्या गच्चीवर दहा-बारा लोकांसमोर वाचायचा विचार आहे. झीलकरी म्हणून दोन माणसं मिळतील का? वाचून नको, म्हणून हवंय.

शाहीर_करवीर

मिळतील. एक मी, एक माझा नातू. तुणतुणं आणतो, डफ नाही आणत. "नखं माझी" ती ओवी फोनवर एकदा म्हणून दाखव मला, चाल चुकीची लावशील नाहीतर.

चौथी_तार

शनिवार-रविवार असेल तर मी येतो. पहिले चार बार वाजवीन आणि अठराव्या बाराचा तुकडा पण, पियानो नसला तरी चालेल. आजोबांची व्हायोलिन वाजवायला द्याल का ताई? नवीन तारा मी घेऊन येतो.

गंगावेस_७

पत्ता मेसेज करा. खुर्च्या आमच्या मंडळाच्या आहेत, टेम्पोनं सोडतो.